गाडी बोरमाळीला थांबायची का?

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला देव आहे की नाही, असले प्रश्न पडावेत. आमच्या घरमालकांना पडलेला प्रश्न असा होता: सकाळची छोटी गाडी बोरमाळीच्या शेतात थांबायची का?

हसू नका. मीही आधी हसलो होतो आणि नंतर बराच घाम पुसला. या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर त्यांची बायको खरं बोलत होती. 'नाही' असेल तर ती खोटं बोलली, आणि त्यांनी जन्मभर तिच्यावर जो संशय घेतला तो रास्त होता. आता बायको जाऊन चार वर्षं झालेली आणि गाडीही बंद पडलेली. विचारायचं कोणाला?

अर्थात हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवातीला कळलं ते एवढंच, की या माणसाच्या घरात भाड्याने राहायचं म्हणजे रोज परीक्षेला बसायचं.

आम्ही साक्रीकडचे. बदली होऊन जळगावात आलो तेव्हा मेहरूणमध्ये, तलावाच्या दोन गल्ल्या अलीकडे एक वरचा मजला रिकामा आहे असं समजलं. खाली मालक एकटेच राहत. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. मी बेल वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"घर बघायला आलोय."

"घर बाहेरूनही दिसतं."

मग दार चार बोटं उघडलं आणि एका डोळ्याने माझी पाहणी झाली. मी शिक्षक आहे म्हटल्यावर विषय विचारला. भूगोल, म्हणालो.

"बऱ्हाणपूर इथून कोणत्या दिशेला?"

भर दुपारी, उन्हात, अनोळखी दारात असा प्रश्न आला की माणूस स्वतःचं नावही विसरतो. मी म्हणालो, "उत्तरेला."

"ईशान्येला," नाना म्हणाले आणि दार उघडलं. "पण खरे शिक्षक असाल. खोटा माणूस पाठ करून आला असता."

आमच्या सौ. मागे उभ्या होत्या. हे वाक्य त्यांनी आमच्या दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. अजून सांगतात.

नाना कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचं समन्स किंवा नोटीस घेऊन माणसाच्या दारात जायचं, त्याच्या हातात द्यायची, सही घ्यायची, हे बेलिफाचं काम. ज्या माणसाने सगळी नोकरी दारांवर थापा मारण्यात काढली आणि प्रत्येक दारातून "घरी नाहीत" एवढंच ऐकलं, त्याच्याकडून वेगळी काय अपेक्षा करणार? ते सांगायचे, एका गावात तर प्रतिवादीने स्वतःच आतून ओरडून सांगितलं होतं, "मी घरी नाही." नानांनी विचारलं, "मग कुठे गेलात?" तर आतून उत्तर आलं, "भुसावळले."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "विश्वास ठेवायला हरकत नाही, तपासून ठेवावा." पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ते कागदाची पट्टी चिकटवत आणि तिच्यावर सही करत. दूधवाल्याला रोज वेगळा प्रश्न. भाजीवाली हातगाडीवर "बामणोदची वांगी" ओरडत आली की नाना फाटकात येऊन उभे राहत. "बामणोदला कुठे? कोणाच्या शेतातली? त्या शेताला विहीर आहे की बोअर?" ती बिचारी चौथ्या प्रश्नाला म्हणायची, "नाना, वांगीच शेतस, दुसरं काही नही. घ्या नाहीतर राहू द्या."

आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या सौं.नी भरीत केलं आणि वाटीभर खाली दिलं. नानांनी वाटी हातात घेऊन विचारलं, "तुम्ही खाल्लंत का आधी?"

"नाना, विषच घालायचं असतं तर त्यासाठी वांगी भाजत बसले असते का?"

नानांनी थोडा विचार केला. "हे पटलं," म्हणाले, आणि वाटी घेऊन आत गेले. त्या दिवसापासून सौं.वर त्यांचा भरवसा बसला. माझ्यावर कधीच पूर्ण बसला नाही. पुढचं वाचल्यावर तुमचाही बसणार नाही.

दर रविवारी सकाळी नाना बाहेर पडायचे. इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून मोजपट्टीचं टोक आणि एक जाड नोंदवही डोकावायची. संध्याकाळी परतायचे तेव्हा धुळीने माखलेले आणि तोंड एवढंसं झालेलं. कुठे जाता, असं मी एकदा विचारलं. "तुम्ही का विचारता?" असं उत्तर मिळालं.

"दुसरं घर असणार," आमच्या सौ. म्हणाल्या.

"या वयात? आणि दुसऱ्या घराला नोंदवही कशाला?"

"बेलिफ आहेत. पोच घेत असतील."

संशय हा खोकल्यासारखा असतो, एका घरात एकाला झाला की सगळ्यांना होतो. एका रविवारी मी मोटरसायकल काढली आणि नाना ज्या एसटीत बसले तिच्या मागे लागलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घातलं. एप्रिल महिना, बेचाळीसच्या वर ऊन, त्यात हेल्मेट घातलेला तो एकटा माणूस मीच. रस्त्याने जो तो माझ्याकडेच बघत होता. पण हे तेव्हा सुचेल तर तो मी कसला?

एसटी तासाभराने एका फाट्यावर थांबली. नाना उतरले आणि चालू लागले ते सरळ छोट्या गाडीच्या रुळांकडे.

ही छोटी गाडी मी फक्त ऐकून होतो. अरुंद रुळांची, चार-पाच डब्यांची. जंक्शनपासून तालुक्याच्या गावापर्यंत शेताशेतांतून जायची. इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली, म्हणतात. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला आणि गाडीत माणसं उरली. मास्तर, कारकून, कॉलेजची मुलं, दुधाच्या कॅनवाले, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. सगळं अपडाऊन तिच्यावर. वेग असा, की सायकलवाला हात हलवत पुढे जायचा. काही वर्षांपूर्वी ती बंद झाली ती झालीच. आता तिथे मोठे रूळ येणार, मोजणी होणार, असं लोक बोलत होते.

मी पाहिलं तेव्हा रुळांमध्ये बाभळी उगवल्या होत्या. त्यांच्यावर कोणी कपाशीच्या पऱ्हाट्या वाळत घातल्या होत्या. शेजारचं बोरमाळी गाव हळूच पुढे सरकून रुळांना टेकलं होतं. कोणाचा गोठा, कोणाचा उकिरडा, कोणाची केळीच्या खोडांची रास. नाना मात्र मोजपट्टी काढून एका वाकलेल्या बाभळीपासून रुळापर्यंतचं अंतर मोजत होते, नोंदवहीत लिहीत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून नाव, वय, धंदा विचारत होते.

मी चहाच्या टपरीवर बसून पाहत होतो. टपरीवाल्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि नानांकडे हनुवटी केली.

"भाऊ, तो कोन शे?"

आता इथे खरं सांगायचं तर 'माझे घरमालक' म्हणावं लागलं असतं, आणि मग घरमालकाच्या मागे हेल्मेट घालून मी का फिरतोय, हेही. म्हणून जाणत्या माणसासारखा चेहरा करून मी म्हणालो, "सरकारी दिसतात. मोजणीचं काहीतरी असेल."

टपरीवाल्याने नुसती मान हलवली. पण मी चहा संपवेपर्यंत समोरच्या गल्लीतली दोन दारं लागली आणि गोठ्यातल्या म्हशी कोणीतरी सोडून दुसरीकडे नेल्या.

तीन-चार रविवार गेले. एका संध्याकाळी नानांनी मला खाली बोलावलं.

"मास्तर, तुम्ही माझ्या मागे आला होतात."

"मी? कधी?"

"हेल्मेटची काच वर करून चहा पिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

मी खाली मान घातली. पुढे काय होईल त्याची वाट पाहत बसलो. पण नानांनी नोंदवही माझ्यासमोर सरकवली. "आता आलाच होतात तर वाचा. भूगोल शिकवता, थोडा इतिहासही बघा."

तो छोट्या गाडीचा इतिहास होता. गावागावांतल्या जुन्या माणसांना भेटून गोळा केलेला. फक्त लिहिलेला पंचनाम्याच्या भाषेत. मला आठवतं ते असं: "इसम, वय सुमारे ऐंशी, धंदा शेती, समक्ष सांगतो की चढावर इंजिनास दम लागत असे. तेव्हा प्रवासी उतरून बोरे वेचीत व गाडी सुटल्यावर चालत जाऊन परत बसत. याबाबत कोणाची हरकत नसे." दुसरं एक: "सदर महिला सांगते की तिच्या लग्नात वऱ्हाड गाडीने आले. नवरदेव टपावर बसला होता. टोपी उडाली. गाडी थांबवून टोपी शोधली. टोपी मिळाली. लग्न लागले." मी हसत होतो आणि पानं उलटत होतो. अशी चाळीसेक पानं भरली होती. मग बोरमाळीचं पान आलं.

"इसम क्रमांक एक, बोरमाळी, सांगतो की येथून कधीही गाडी गेलेली नाही. इसम क्रमांक दोन, रुळावर बसून सांगतो की येथे रूळ असल्याचे त्यास ठाऊक नाही. इसम क्रमांक तीन सांगतो की तो या गावचा नाही. सदर इसमास त्याच्या पत्नीने जेवायला हाक मारली असता तो उठून घरात गेला."

अशी सगळी पानं.

"काय प्रकार आहे हा?" नाना म्हणाले. "सगळ्या लाइनीवर लोक गाडीचं नाव काढलं की उठू देत नाहीत. या एका गावाने तिला कधी पाहिलंच नाही. आणि मला हव्या असलेल्या गोष्टीचं उत्तर याच गावात आहे. बाकीचा इतिहास नसता लिहिला तरी चाललं असतं."

आणि मग, ज्या माणसाने मला वर्षभरात आपलं आडनावसुद्धा धड सांगितलं नव्हतं, त्याने बायकोची गोष्ट सांगितली.

त्या नर्स होत्या. नाना तेव्हा तालुक्याच्या कोर्टात, बिऱ्हाडही तिथेच. बाईंची नेमणूक बोरमाळीच्या उपकेंद्रावर. रोज छोट्या गाडीने जायच्या. बोरमाळीला स्टेशन नव्हतं. गाडी पुढे हिवरठाण्याला थांबायची, तिथून तीन किलोमीटर मागे चालत यायचं. एकदा नाना समन्स घेऊन त्या बाजूला गेले आणि सहज उपकेंद्रात डोकावले. भिंतीवर हजेरीचं रजिस्टर टांगलेलं. बाईंची रोजची वेळ सव्वानऊ. नानांनी मनात हिशेब केला. हिवरठाण्याला गाडीच नऊला पोचते. सामान घेऊन तीन किलोमीटर चालायला पाऊण तास. मग सव्वानऊला ही पोचते कशी? कोण आणून सोडतं?

"घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, गाडी माझ्यासाठी बोरमाळीच्या बाभळीपाशी थांबते. मी म्हणालो, गाडी आहे की रिक्षा? ती हसली. मला वाटलं, हसून टाळते आहे."

"मग?"

"मग तपासलं." नानांनी चष्मा काढून पुसला. "रजा टाकली. तोंडाला रुमाल बांधून शेवटच्या डब्यात बसलो. गाडी बोरमाळीला थांबली नाही, मास्तर. थोडी हळू झाली आणि निघून गेली. ती हिवरठाण्याला उतरली आणि चालत गेली. मी डोळ्यांनी पाहिलं."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही. पुरावा मिळाला होता. वाद कशाला घालायचा?"

वाद झाला नाही. मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, मेहरूणला घर बांधलं. पण त्यानंतर ती पाऊस पडतोय म्हणाली की नाना खिडकीतून हात बाहेर काढून बघायचे. ती डोकं दुखतंय म्हणाली की कपाळाला हात लावायचे. हळूहळू तिने काही सांगणंच सोडलं. घरात दोघं, आणि बोलणं भाजी काय करू, गॅस आला का, एवढंच. ती गेली. नंतर एकदा वर्तमानपत्रात कोणीतरी छोट्या गाडीच्या आठवणी लिहिल्या. त्यात एक ओळ होती: गाडी एवढी घरची, की ओळखीचं माणूस दिसलं तर रानातही थांबायची.

"ती ओळ वाचल्यापासून झोप नाही," नाना म्हणाले.

मी म्हणालो, "नाना, थांबत असेल हो."

"असेल हा शब्द जबाबात चालत नाही."

मी वर आलो आणि सौं.ना सगळं सांगितलं. टपरीवर मी काय बोललो होतो, तेही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पोळीला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "म्हणजे एका बाईवर दोन पुरुषांनी संशय घेतला. एकाने ती जिवंत असताना, एकाने ती गेल्यावर. जा आणि निस्तरा."

"मी बाईंवर कुठे संशय घेतला? मी नानांवर घेतला."

"तेच ते," त्या म्हणाल्या. कसं तेच ते, हे मी विचारलं नाही. पोळी जळत होती.

पुढच्या रविवारी मी नानांना मोटरसायकलवर घेऊन बोरमाळीला गेलो. हेल्मेट घरी ठेवलं. नाना बाभळीखाली मोजपट्टी काढेपर्यंत मी टपरी गाठली.

"भाऊ, मी मागे चुकीचं बोललो. ते सरकारी नाहीत."

टपरीवाल्याने कपडा पिळला. "बरं."

"खरंच नाहीत. मोजणीशी त्यांचा काही संबंध नाही."

"आनि तुम्हना?"

"माझाही नाही. मी शिक्षक आहे."

"जनगणना शिक्षकच करतस ना?" तो म्हणाला. बाकावर बसलेले दोघे माझ्याकडे पाहू लागले. एकाने उठून जाताना आपला कप विसळून ठेवला. माझ्या शेजारी बसल्याची खूणही नको म्हणून असावं.

मी रडकुंडीला आलो. नानांनी मला मोटरसायकलवर दोनदा बजावलं होतं, की माझं नाव, नातं, काही सांगायचं नाही. साक्षीदाराला आधीच कळलं की कोणाला काय ऐकायचंय, तर तो तेच सांगतो. पण ही पद्धत पाळून नाना आणखी किती रविवार घालवणार? मी मोठ्याने म्हणालो, "अहो, ते तुमच्या इथल्या नर्सबाईंचे मालक आहेत! पूर्वी होत्या ना, छोट्या गाडीने यायच्या. त्या गेल्या. ते त्यांच्याबद्दल विचारायला येतात."

टपरीमागे चुलीशी एक म्हातारी बसली होती. टपरीवाल्याची आई. सगळे तिला अक्का म्हणत. मागच्या खेपेलाही ती माझ्याकडे पाठ करूनच बसली होती. ती उठली.

"नर्सबाई गई?"

"हो, अक्का."

"आनि हाऊ तिना मालक? मंग आधी सांगाले काय व्हयनं तुमले? आम्ही मरी राह्यनूत भ्यावनं!" तिने पोराकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "माय, गोठा..." गोठा रेल्वेच्याच जागेत होता, बाभळीला लागून. अक्का म्हणाली, "गोठा जाई तर जावो. मनी पाचही बाळंतपनं तिनी करेल शेतस. त्यामा तू बी व्हता." आणि डोक्यावरचा पदर सारखा करत ती सरळ नानांसमोर जाऊन उभी राहिली.

नानांनी नोंदवही उघडली. आवाज कोर्टातलाच होता.

"नाव?"

अक्काने सांगितलं.

"वय?"

"तुमनाइतलंच व्हई."

"राहता पत्ता?"

"हाऊ गोठानाजोडे. गोठा रेल्वेनी जागामा शे, ते बी लिखा."

"गोठ्याबद्दल विचारलेलं नाही," नाना म्हणाले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "सकाळची गाडी या ठिकाणी थांबायची का?"

"हा, थांबे."

"पाहिलंत की ऐकलंत?"

"देखं म्हंजे काय? बाईनी पेटी मीच डोकावर लई जाऊ. रोज अठेच उभी राहू. डायवर शिटी मारे, गाडी थांबे, बाई उतरे, पेटी मनाकडे दे. मंग गाडी जाये."

"रोज?"

"रोज." अक्काने एक बोट वर केलं. "एक दिन नही थांबनी."

नानांची पेन्सिल कागदावर तशीच राहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"त्या दिवशी काय झालं?"

"मी अठे उभी. गाडी हळू व्हयनी. बाई दारमा व्हती. तिनीच डायवरले हात करा, जाय जाय म्हने. गाडी निंघी गई. मले समजेच ना. तासभरथीन बाई हिवरठाणाकडथीन पायी पायी उनी. पेटी डोकावर, घामनी धारा. मी ईचारं, बाई, आज हाई काय? तं म्हने, आमना मालक मांगना डबामा बठेल शेतस, तोंडले रुमाल बांधीसन. कोर्टमाना मानूस शे. गाडी रानमा थांबेल देखी तं डायवरनी नोकरी जाई."

टपरीवाला आईच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"तिने मला ओळखलं होतं?" नानांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी लिहून घेण्यासाठी विचारला नव्हता.

"हा, ओळखी. हसनी बी. म्हने, रुमालले इस्त्री मीच करेल शे सकायमा."

नाना नोंदवहीकडे पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि काय म्हणाली?"

"आखो काय?" अक्काने आठवून पाहिलं. समोरच्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं गोड बोलता आलं असतं, पण तिला विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं होतं. "नही. त्या आधी रोज तुमना ईषय काढे. आमना असा, आमना तसा. त्या दिननंतर तुमनं नाव नही काढं तिनी."

नानांनी शब्द न शब्द लिहून घेतला. वाचून दाखवला. अक्काने अंगठा उमटवला. नोंदवही पिशवीत गेली, मोजपट्टी गेली. मला वाटलं, संपलं. उत्तर मिळालं, बाई खरं बोलत होती, आता माणूस शांत होईल. मी अक्काला नमस्कार केला आणि मोटरसायकलला किक मारली.

"जळगाव नको," मागे बसत नाना म्हणाले. "हिवरठाण्याला घ्या."

हिवरठाण्याचं स्टेशन म्हणजे आता चार खांब आणि अर्धा पत्रा. फलाटावर शेळ्या बसल्या होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं. नाना उतरले आणि रुळांमधून बोरमाळीच्या दिशेने तोंड करून उभे राहिले.

"नाना, तीन किलोमीटर आहे. या उन्हात नको. संध्याकाळी येऊ."

"तुमची बॅग द्या."

माझी शाळेची बॅग मोटरसायकलला अडकवलेली होती. आत पाण्याची बाटली आणि सौं.नी दिलेला डबा. नानांनी ती हातात घेऊन तोलली. मग डबा आणि बाटली काढून माझ्या हातात दिली, रुळाच्या कडेला उकिडवे बसले आणि खडीतला एक दगड उचलून बॅगेत टाकला. परत तोललं. दुसरा टाकला. तिसरा.

"पुरे, नाना."

"लोखंडी पेटी होती," ते म्हणाले. "वर औषधं, बाटल्या, बाळंतपणाचं सामान. मी एकदाही उचलून पाहिली नाही." आणि चौथा दगड शोधू लागले.

बॅग डोक्यावर घ्यायला मीच हात लावला. मोटरसायकल तिथेच शेळ्यांपाशी सोडून त्यांच्या मागे निघालो. बेलिफाच्या नोकरीत नानांना एक सवय जडली होती, दहा पावलं गेलं की मागे वळून पाहायचं, कोण येतंय ते. त्या दिवशी बोरमाळीपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.